खंडोबाचा किडा

आश्विनाचे ऊन पिकल्या गवतावर पसरले होते. सोनेरी, कोरडे, निर्दय. त्या उन्हाकडे पाहताना श्रीधरपंतांना पुतणीचे पत्र आठवले. आषाढात आले होते. ‘काका, हे गेल्यापासून या घरात सगळे मला टोचून खातात. मला न्यायला या.’

उत्तर गेले नव्हते. शब्द शोधता शोधता श्रावण सरला, भाद्रपद सरला. आपल्यासारख्या पुस्तकी, भित्र्या माणसाने कुणाला आधार द्यावा? शाई टाकाच्या टोकाशी वाळत राहिली.

खिडकीत काचेची बरणी होती. बरणीत खंडोबाचा किडा. पाचूच्या पात्यासारखा, हात जोडलेला, हिरव्या मौनाचा पुजारी. कोपऱ्यातल्या माठात त्याचे अन्न वाढत होते: कोंड्यावर, काकडीच्या फोडींवर पोसलेले रातकिडे, काळे, तकतकीत, गाणारे. पंत त्या गाणाऱ्यांना वाढवत, आणि त्या जोडलेल्या हातांत देत.

“स्वतःला भात लावायचा कंटाळा, आणि किड्यांना काकडी,” शेजारच्या यमुनाबाई दारातून म्हणाल्या. “आज काय झालं तोंड पाडायला?”

“कालपासून खात नाही हो तो. कात टाकायची वेळ आली असावी. अंगात ताकद नको?”

“नको म्हणतोय तर राहू द्या की. देवाचा किडा आहे, जावई नाही.”

पंत ओशाळून हसले. तरीही मूठभर रातकिडे त्यांनी बरणीत सोडले. माया अशीच आंधळी, अशीच आग्रही. मग ते पुस्तकात बुडाले.

मान वर केली तेव्हा ऊन भिंतीवर चढले होते. किडा झाकणाला उलटा लटकला होता. जुन्या कातीतून अर्धा बाहेर आलेला, दुधासारखा मऊ, दुधासारखा असहाय. आणि रातकिडे त्याला खात होते. सावकाश. पायांपासून. अन्न अन्नदात्याच्या लाडक्याला खात होते. रित्या कातीचे हात तेवढे अजून जोडलेले.

पंतांनी बरणी परसात उपडी केली. हात धुतले. पुन्हा धुतले.

मग टाक बुडवला. या वेळी शब्द शोधावे लागले नाहीत. ‘कुंदा, मी निघालो आहे. येईपर्यंत दाराला आतून कडी लावून झोपत जा.’

पोस्टाच्या लाल पेटीपाशी ते क्षणभर थबकले. उशीर, उशीर, असे गवत सळसळत होते. मग बोटे सुटली. पेटीच्या काळ्या पोटात पत्र पडले, आणि पडल्याचा आवाज फार, फार हलका आला.