पाचवा तुकडा

शिक्षिकेने एका कागदावर मोठ्या अक्षरांत एक ओळ लिहिली आणि टराटरा फाडून त्याचे सहा तुकडे केले. प्रत्येकावर क्रमांक घातला आणि ते वर्गात वाटून टाकले.

"हे शेवटच्या बाकावर पोचवायचे. कुणाच्याही हातून, कुठल्याही वाटेने."

वाचनालयाच्या त्या खोलीतले बाराही विद्यार्थी साठी ओलांडलेले होते. आधी चौथा तुकडा पोचला, मग पहिला. पाचवा एका आजोबांच्या खिशात गेला तो गेलाच. शेवटच्या बाकावर एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर बसल्या होत्या. त्यांनी तुकडे जुळवून चष्म्यावरून पाहिलं.

"पाचवा नाही आला."

"मग तो पुन्हा मागायचा." शिक्षिकेने नवा तुकडा लिहून पाठवला. "इंटरनेटवर निरोप असाच जातो. पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी संशोधकांनी मोजके चार कॉम्प्युटर असे जोडले. मग ठिकठिकाणी अशी जाळी निघाली. सगळ्यांनी निरोप पाठवायची एकच रीत मानली, तेव्हा त्या जाळ्यांचं मिळून एक मोठं जाळं झालं. पुढे त्यावर एकमेकांना जोडलेली पानं आली आणि ते घराघरांत शिरलं."

ऑपरेटरबाईंनी हात वर केला.

"आमच्याकडे दोघं बोलत असली, की ती लाईन त्या दोघांचीच. इथे एकाला जागा द्यायला दुसऱ्याला तोडावं लागत नाही?"

"नाही. सगळ्यांचे तुकडे एकाच तारेतून मागेपुढे जातात."

वर्ग सुटला तरी बाई उठल्या नाहीत. शिक्षिका खुर्च्या सारत होती, तिला त्यांनी हळूच सांगितलं. त्या एक्स्चेंजवर कामाला होत्या, आणि परगावी कॉल जायला तेव्हा एकच लाईन मोकळी होती. त्या लाईनवर त्यांचा मोठा भाऊ त्यांच्याशीच बोलत होता. आईने कुणाकडे राहायचं यावरून दोघांचं वाजलं, त्याचा आवाज चढला. तेवढ्यात दवाखान्याचा तातडीचा कॉल आला. बाईंनी बोर्डावरची भावाची वायर उपटली.

"नियमच होता. पण मला राग आला नव्हता, असं नाही म्हणत मी."

"मग?"

"मग काय! त्याने पुन्हा फोन केला नाही. मी तरी कोणत्या तोंडाने करणार? अठ्ठावीस वर्षं झाली."

भाच्याने दिलेला भावाचा ईमेलचा पत्ता त्यांच्या पर्समध्ये महिनाभर पडून होता. शिक्षिकेने शेजारी बसून पत्ता घालून दिला. मजकूर बाईंनी एका बोटाने, अक्षर शोधत लिहिला: 'दादा, त्या दिवशी फोन मी तोडला. चुकलं माझं.' बटण दाबताना त्यांनी डोळे मिटून घेतले.

पुढच्या तासाला त्या सगळ्यांच्या आधी आल्या. उत्तर येऊन पडलं होतं. ते त्यांनी दोनदा वाचलं, मग पडदा शिक्षिकेकडे वळवला.

'तू कसला तोडलास? मीच रागाने रिसीव्हर आपटला होता. तू तिकडे हॅलो हॅलो करत बसली असशील, या विचाराने मला परत फोन करायचं तोंड नव्हतं.'

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला.

"उत्तर लिहायचंय ना?" शिक्षिकेने विचारलं.

"लिहिणं राहू दे गं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "याच्यावरून बोलता येतं का, ते सांग."