गुडघाभर भराव

"ओल कमी आहे," मी पाळकसाहेबांना म्हटलं. "अर्धा तांब्या पाणी आणा."

"मुकादम, वर्गाला वीस मिनिटं राहिलीत. आपल्याला पूल बांधायचा नाहीये, नुसतं दाखवायचंय."

"दाखवायचं असलं तरी माती ती मातीच. उद्या कोणी म्हणेल, याला साधा चढ बांधता येत नाही."

मी मूठभर मातीचा गोळा वळला आणि कमरेच्या उंचीवरून फरशीवर टाकला. त्याचा पार भुगा झाला. ओल नेमकी असली की गोळ्याचे दोन-तीन तुकडे होतात, भुगा होत नाही. पाळकसाहेबांनी नुकत्याच पुसलेल्या फरशीकडे पाहिलं, उसासा टाकला आणि निमूटपणे पाणी आणायला गेले. भला माणूस. माझ्यासारख्याच्या नादी लागायला नको होतं त्यांनी.

रविवारी दुपारी मी चर्चच्या मागच्या खोलीत चिखलात हात घालून बसलो होतो, त्याला कारण यहेज्केल संदेष्टा. देवानं त्याला सांगितलं की एक वीट घे, तिच्यावर यरुशलेम शहर कोर, त्या शहराला वेढा घाल आणि त्याच्यापुढे मातीचा चढ उभा कर. जुन्या भाषांतरात त्या चढाला मोर्चा म्हटलंय. मागच्या रविवारी बायबलच्या वर्गात निम्म्या लोकांना वाटलं, कोणीतरी झेंडे घेऊन घोषणा देत निघालंय. म्हणून पाळकसाहेब माझ्याकडे आले. "तुमचं सगळं आयुष्य भरावात गेलं. तुम्हीच समजावून सांगा." माझ्या कामाचं कोणी कौतुक केलं की मी लगेच हरभऱ्याच्या झाडावर चढतो. हो म्हणून बसलो. वर्गात ताई असणार आणि शाळेच्या बाईही असणार, हे मागाहून लक्षात आलं. तोवर शब्द देऊन झाला होता.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो, ती सतरा. तिनं मला शिवणाच्या मशीनवर वाढवलं. ते मशीन अजून तिच्या पुढच्या खोलीत आहे, खिडकीला लागून. काळ्या कापडावर काळ्या दोऱ्यानं शिवायचं तर उजेड लागतो, आणि तिच्या खिडकीत सकाळपासून संध्याकाळपर्यंत उजेड असायचा. गल्लीतल्या बायका बाजारात जाता जाता खिडकीतूनच आत कापड टाकायच्या आणि "घाई नाही गं, पण शुक्रवारी हवंय" असं म्हणून पुढे जायच्या.

त्या गल्लीला लागून पुलाचा चढ गेला, आणि तो बांधला मी.

आता कोणी म्हणेल, पूल काय तू मंजूर केलास? नाही. मी नसतो तर दुसरा कोणी मुकादम असता. ते पाप माझ्या माथी नाही. माझं पाप वेगळं आहे, आणि सांगायला गेलं तर फार लहान वाटतं.

काम सुरू होण्याआधी लेखी हरकती द्यायला महिनाभराची मुदत होती. त्याच आठवड्यात मोजणीवाल्यांनी ताईच्या भिंतीवर, खिडकीच्याही वर, लाल रंगानं एक रेघ मारली आणि शेजारी आकडा लिहिला. तयार रस्ता त्या रेघेपर्यंत येणार, असा त्याचा अर्थ. आमच्या कामात ही रीतच आहे. जवळ जे पक्कं बांधकाम असेल त्यावर खूण करायची, म्हणजे ती हलत नाही. सगळ्या गल्लीनं ती रेघ पाहिली. वाचता येत होती एकट्या मला.

मी ताईकडे जेवत होतो. तिनं वाढता वाढता विचारलं, "भिंतीवर काय रे लिहून गेलेत? किती चढणार रस्ता आपल्यासमोर?"

मला मुकादम होऊन अकरा दिवस झाले होते. त्याच सकाळी कामावरचे साहेब म्हणाले होते, "तुमच्या बहिणीची गल्ली ना ती? मग तिकडून हरकत यायला नको." दम दिला नव्हता त्यांनी. खांद्यावर हात ठेवून, घरच्यासारखं म्हणाले होते. मला तो हात आवडला होता, खोटं कशाला बोलू.

"गुडघाभर," मी ताईला म्हटलं. "आणि ते आकडे आमच्या मोजणीचे असतात. तुला काय करायचंय त्यांच्याशी?"

"मग हरकत द्यायला नको ना? बाई विचारत होत्या."

"काही गरज नाही. मी आहे ना."

तिनं मला आणखी वाढलं. दुसऱ्या दिवशी ती गल्लीतल्या सातही घरांत जाऊन आली. माझा भाऊच कामावर आहे, गुडघाभर चढणार आहे रस्ता, उगाच काळजी करू नका, असं सांगत फिरली. सात घरांतून एकही कागद गेला नाही. शाळेच्या बाई ताईच्या भिंतीला भिंत लावून राहायच्या. या बाईंनी मला पाढे शिकवलेत, अख्ख्या गल्लीला शिकवलेत. त्यांनी लिहून ठेवलेला अर्ज ताईच्या शब्दावर फाडून टाकला.

मग थर पडू लागले. वीतभर माती, वर पाणी, वर रोलर. पुन्हा वीतभर माती. भराव गुडघ्याला आला त्या दिवशी ताई दारात उभी राहून हसली आणि म्हणाली, "झालं ना रे आता?" मी म्हटलं, "थोडंसं राहिलंय." कमरेला आला तेव्हा तिनं पुन्हा विचारलं. मी म्हटलं, वरच्यांनी नकाशा बदलला, मलाही आजच कळलं. खांद्याला आला तेव्हा तिनं काहीच विचारलं नाही. खिडकीपासून चार हातांवर भरावाची दगडी भिंत उभी राहिली आणि गल्ली एका बाजूनं बंद झाली. चार बिऱ्हाडं घरं सोडून गेली. शाळेच्या बाई त्यांतल्याच.

जाताना सगळ्यांनी एकच धरून ठेवलं, की ताईला आधीपासून ठाऊक होतं. भावाच्या नोकरीसाठी हिनं आम्हाला झुलवलं. दोन वर्षं बाई ताईशी एक अक्षर बोलल्या नाहीत. चर्चमध्ये ताई ज्या बाकावर बसेल तो सोडून दुसरीकडे बसायच्या. ताईनं कधी म्हटलं नाही की मला भावानं असं सांगितलं होतं. माझं नाव तिनं कुठंच घेतलं नाही, कारण तिच्या लेखी मीही फसवला गेलो होतो. आणि मी ते तसंच राहू दिलं. रविवारी तिच्याकडे जेवायचो, दिव्याखाली तिला सुईत दोरा ओवून द्यायचो आणि घरी यायचो. बेशरमपणाला काही हद्द असते, ती मी केव्हाच ओलांडली होती.

तीन वाजता वीस-बावीस माणसं जमली. ताई शेवटच्या बाकावर, एकटी. बाई पहिल्या बाकावर, अजून शिकवत असल्यासारख्या ताठ. टेबलावर माझी पत्र्याची परात, तिच्यात वीट. पाळकसाहेबांनी विटेवर खिळ्यानं शहर कोरलं होतं. घरांना बारीक बारीक खिडक्याही काढल्या होत्या. त्या कशाला काढल्या, असं मला वाटून गेलं.

"हे शहर," मी सुरुवात केली. "तट उंच, दरवाजे बंद. शिडी लावाल तर वरून दगड येतील डोक्यात. मग शहाणा सेनापती काय करतो? घाई करत नाही. तटापासून लांबवर माती टाकायला लागतो. एक टोपली, दुसरी टोपली. थर टाकायचा, तुडवायचा, पुढचा थर. माती जवळचीच घ्यायची, लांबून आणणं झेपत नाही. झाडंही त्याच गावची तोडायची आणि थरांत आडवी घालायची, म्हणजे भराव खचत नाही."

मी चमच्यानं थर दाबत होतो, मधून आगकाड्या आडव्या टाकत होतो. लोक माना उंचावून बघत होते. मला बोलताना रंग चढला होता.

"यिर्मया संदेष्टाही हेच सांगतो," पाळकसाहेब म्हणाले. "वेढा घालणारे शहराभोवतीचीच झाडं तोडतात. आणि आतले लोक त्या चढाला अडवायला स्वतःचीच घरं पाडून दगड काढतात. संदेष्ट्यांच्या तोंडी हा चढ म्हणजे न्यायाची खूण आहे. नाश एकदम कोसळत नाही. रोज थोडा थोडा, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वर येतो. माणसाला पश्चात्तापाला वेळ मिळावा म्हणून तो हळू येतो."

माझा चमचा थांबला. मला दोन वर्षं मिळाली होती. मी पुन्हा दाबायला लागलो.

"पण प्रत्येक वेळी नाशच होतो असं नाही," पाळकसाहेब पुढे म्हणाले. "दावीद राजाच्या काळात एका गावापुढे असाच चढ उभा राहिला होता. गावातली एक शहाणी बाई तटावरून बोलली. सेनापतीला हाक मारून तिनं विचारलं, हे गाव का गिळतोस? तिच्या बोलण्यानं गाव वाचलं."

"नशीबवान गाव," शाळेच्या बाई म्हणाल्या. मागे वळूनही पाहिलं नाही त्यांनी. "आमच्या गल्लीतली शहाणी आम्हालाच सांगत फिरली, गुडघाभर आहे म्हणून."

सगळ्यांना ते ठाऊकच होतं. ताईनं मांडीवरची पिशवी जरा सरळ केली, एवढंच. तिच्या तोंडावर राग नव्हता. ऐकून घ्यायची सवय झालेल्या माणसाचं तोंड होतं ते. मी ते पाहिलं. आताही गिळून टाकता आलं असतं. मला त्याचा चांगला सराव होता.

"बाई," मी म्हटलं, "आतल्यांना उंची माहीत नसते."

"काय म्हणालास?"

"चढ कुठवर जाणार ते आतल्यांना माहीत नसतं. बांधणाऱ्याला माहीत असतं. ताईच्या भिंतीवरची लाल रेघ आठवते तुम्हाला? मी ती पहिल्याच दिवशी वाचली होती. माणसानं हात वर करावा एवढी उंची होती. ताईनं विचारलं तेव्हा मी तिच्याकडे जेवत होतो, आणि मी गुडघाभर म्हटलं. तुम्ही हरकत देऊ नये म्हणून म्हटलं. नकाशा नंतर बदलला असं तिला सांगितलं, तेही खोटं. नकाशा कधीच बदलला नव्हता. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं, बाई. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला, आणि तुम्ही तिच्यावर."

मला वाटलं होतं, एकदा बोलून टाकलं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. हातातला चमचा कुठे ठेवावा तेसुद्धा सुचेना.

ताई उठली. बाकांमधून सावकाश चालत टेबलापाशी आली. परातीकडे तिनं पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

"दोन वर्षं," ती हळू म्हणाली, "मी देवाजवळ तुझ्या साहेबावरून क्षमा मागतेय. माझ्या भावाला फसवलं म्हणून त्या माणसाचा इतका राग यायचा मला, की माझीच मला भीती वाटायची."

"ताई..."

"आता काही बोलू नकोस. घरीही येऊ नकोस. मी बोलावीन तेव्हा ये."

ती वळली आणि दाराकडे निघाली. तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या बाई उठल्या. सत्तरी उलटलेली, गुडघे दुखतात, त्यामुळे बाकाचा आधार घेत घेत, वेळ लावत उठल्या. ताई दारापाशी थांबली. बाई तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. चुकले म्हणायची सवय नाही त्या बाईला, जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या.

"अगं, माझं कापड पडून आहे दोन वर्षं," त्या म्हणाल्या. "दुसरीकडे कुठे टाकलं नाही मी. मापं द्यायला कधी येऊ? तुझ्याकडे उजेड कधी असतो?"

ताईनं दाराला हात लावला.

"केव्हाही या, बाई," ती म्हणाली. "मी दिवसाही दिवा लावूनच बसते."

हे ती कुणाला टोचायला बोलली नाही. दुकान कधी उघडं असतं ते सांगावं, तसं सांगितलं. मग बाईंना पायरी नीट दिसावी म्हणून तिनं दार पूर्ण उघडलं, आणि त्या उतरून जाईपर्यंत ते हातानं धरून ठेवलं.