चार बोटं दुमड

आठ महिन्यांच्या नातीचं सामान माझ्या लग्नातल्या सामानापेक्षा जास्त निघालं. हातातल्या पिशवीत तासाला एक या हिशेबानं डायपर आणि वर चार जास्तीचे. दुधाची पावडर मोजून भरलेल्या पाच डब्या. विमान वर चढताना कान दुखू नयेत म्हणून तोंडात द्यायची बाटली, ती अगदी वर, चटकन हाताला लागेल अशी. नातीचे दोन कपडे आणि लेकीचा एक सदरा, कारण ओकायचं झालं तर ही बया नेमकी आईच्या अंगावर ओकते. ही सगळी यादी माझी. माझी लेक याद्या करत नाही, ती "होईल गं" म्हणते आणि मग ते मी करते.

जावई परदेशात नोकरीला. लेक नातीला घेऊन तिकडे तीन आठवडे राहून परत येणार, असं ठरलं होतं. बाळंतपणापासून दोघी माझ्याकडेच. तीन आठवडे म्हणून मी नातीला सात फ्रॉक शिवले. तीस वर्षं मी लहान मुलांचे कपडे शिवते. वाढत्या अंगाच्या कपड्याला मी खाली नेहमी चार बोटं दुमड ठेवते, मूल वाढलं की उसवायची, आणखी काही महिने निघतात. या सातांना ठेवली नाही. तीन आठवड्यांत पोर वाढून वाढून किती वाढणार? अंगाबरोबर शिवले, बापानं बघत राहावं असे.

दुपारी लेक नातीला कडेवर घेऊन औषधाच्या दुकानात गेली. जाताना म्हणाली, "आई, मोठ्या बॅगेला हात लावू नकोस हं. मी आल्यावर बघते."

पण त्या बॅगेचं आम्ही सकाळी वजन केलं होतं. म्हणजे आमचे हे बॅग छातीशी धरून वजनकाट्यावर उभे राहिले आणि आकड्यातून मी ह्यांचं वजन वजा केलं. तेवीस किलोची परवानगी, आणि भरलं पाऊण किलो जास्त. टॅक्सी चारला येणार. म्हटलं, पोरगी येईपर्यंत पाऊण किलो काढून ठेवू, तिचा जीव तेवढाच हलका होईल. मला मेलीला स्वस्थ बसवत नाही, दुसरं काय.

वरचे कपडे काढले. माझे सात फ्रॉक काढून बाजूला ठेवले. खाली एक गाठोडं लागलं, लेकीच्या जुन्या ओढणीत बांधलेलं. उघडलं तर दुकानातले कपडे. जाड कोट, पँटी, तीन फ्रॉक. बूट, चालणाऱ्या पोराचे. आमची नात अजून धड रांगतही नाही.

गळ्यातली टेप काढून मी एक फ्रॉक मोजला. छाती एकवीस, उंची वीस. दुसरा मोजला. तोच आकडा.

तो आकडा माझाच होता. महिन्यापूर्वी लेक मशीनपाशी येऊन बसली होती. "आई, दोन वर्षांची झाली की हिचं माप काय असेल गं?" मला केवढं कौतुक वाटलं! तिच्याच लहानपणीची मापाची वही मी माळ्यावरून काढली, दोघींच्या अंगलटी ताडून पाहिल्या आणि सांगितलं, छाती एकवीस, उंची वीस. वाटलं, दुसऱ्या वाढदिवसाचा फ्रॉक माझ्याकडून शिवून घ्यायचा असेल. कापडही मनात ठरवून टाकलं होतं.

कोटाच्या बाहीत नातीचा जन्मदाखला होता. लशींची फाईलही होती, झेरॉक्स नव्हे, मूळ.

"अहो," मी हाक मारली. हे दारात आले, गाठोडं पाहिलं आणि चष्मा काढून पुसायला लागले. चाळीस वर्षांच्या संसारात ह्यांनी आधीच स्वच्छ असलेला चष्मा पुसला की समजावं, ह्यांना सगळं माहीत आहे.

"कधीपासून?"

"दीड महिना झाला," हे म्हणाले. "ती म्हणाली, पोचल्यावर आईला फोनवर सांगते. तू त्रास करून घेतेस ना."

त्रास करून घेते! म्हणजे घरात सगळे शहाणे, आणि मी एकटी खुळी डायपर मोजत बसलेली. नात लांब जाणार याचं दुःख नंतर येणार होतं. त्या घडीला मला फक्त राग आला होता, ज्यांच्यासाठी हाडं झिजवली त्यांनी मला परक्यासारखं दाराबाहेर ठेवल्याचा.

लेक आली. पलंगावरचं सामान पाहून उंबऱ्यातच थांबली.

"हात लावू नको म्हटलं होतं ना, आई."

"म्हटलं होतंस. परत कधी येणार ते मात्र खोटं म्हटलंस."

ती खाली बसली. "त्याची नोकरी पक्की झाली गं. मला सांगवेना. तुला कळलं असतं तर तू काय केलं असतंस, सांग ना?"

"रडले असते. भांडले असते. दोन दिवस तुझ्याशी बोलले नसते." मी गाठोडं पहिल्यासारखं बांधून बॅगेच्या तळाशी ठेवलं. "आणि तिसऱ्या दिवशी मशीनवर बसून सातही फ्रॉकना चार बोटं दुमड ठेवली असती."

तिला रडू फुटलं. मी बॅगेची चेन लावली. हे गुपचूप बॅग घेऊन काट्यावर चढले. बरोबर तेवीस.

"आई, फ्रॉक राहिले."

"राहू देत. दोन महिन्यांत तिला होणार नाहीत. उगाच ओझं."

खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. लेकीनं ढिगातला वरचा पिवळा फ्रॉक उचलला आणि तिथंच, पलंगाच्या कडेला, रडत रडत नातीच्या अंगात घातला. मी मागून गुंड्या लावल्या. कुठे सैल नाही, कुठे आवळ नाही. आजच्या दिवसाला अगदी बरोबर बसला.