सहाव्या भागातला सदाशिव

“बैलं धावून काहून नाही राह्यले?” मोबाईल कानाशी धरून सदाशिवने विचारलं.

“आता नाही धावत, दादा,” शेजारी बसलेला धाकटा अंकुर म्हणाला. “या भागात शेती करायची. पेरायचं, निंदायचं, पीक घरी आणायचं.”

“पटाचा खेळ, अन् त्याच्यात पटच नाही?” सदाशिव हसला. “कंपनीवाल्याइचं डोस्कं फिरलं का बावा?”

डोकं अंकुरचंच होतं. शंकरपटाचा, म्हणजे बैलांच्या शर्यतीचा, हा मोबाईलवरचा खेळ त्याची पुण्यातली कंपनी वर्षानुवर्षं काढत होती. पाच भाग झाले. खऱ्या पटांवर बंदी आली तेव्हा महागावकडची रिकामटेकडी पोरं याच्यावरच पैजा लावत. पाचवा भाग मात्र आपटला. साहेबांनी काहीतरी नवीन मागितलं आणि अंकुर उत्साहात बोलून गेला, तीच बैलं शेतात नेऊ. तो कपाशीवाल्या घरातला, त्याच्या शब्दावर शंका घेणार कोण? त्याने घरचं शेत घेतलं, बांधावरची बाभूळ घेतली आणि शेतकऱ्याला थोरल्या भावाचा चेहरा दिला. ऑफिसात सगळ्यांना तो फार आवडला. गेल्या हंगामात फवारताना विषबाधा होऊन हाच भाऊ दवाखान्यात पडला आणि घरी आला तो डोळ्यांपुढे कायमचं धुकं घेऊन, हे अंकुरने तिथे कुणाला सांगितलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात खेळ बाजारात जाणार होता. दादाला विचारायचं तेवढं राहून गेलं होतं.

“दादा, यातला शेतकरी म्हणजे तू. तुझाच चेहरा. चालेल ना?”

“माहा?” सदाशिवने गालावरून हात फिरवला. “मिशी हाय का?”

“आहे ना.”

“कुंदे, ऐकलं का वं? मी खेळात गेलो!”

शेंगा निवडणारी कुंदावहिनी हसली. या घरात कुणी हसल्याला कितीतरी महिने झाले होते.

तेवढ्यात मोबाईलमधून पंपाचा आवाज आला. फुस्स, फुस्स. खेळातला सगळ्यात मजेचा भाग तोच, जितकी फवारणी तितके गुण. आवाज बंद करायचं अंकुरला सुचलंच नाही.

“फवारून राह्यलो का मी?” सदाशिवने विचारलं.

“हो.”

“वारं कुठून हाय?”

खेळात वारं नव्हतंच. “पाठीमागून,” अंकुर म्हणाला.

“तोंडाले फडकं बांधलं नं?”

आधी बांधलं होतं. फडक्यात चेहरा दिसत नाही म्हणून साहेबांनी काढायला सांगितलं आणि अंकुरने, याच घरातल्या पोराने, हूं की चूं न करता काढलं. आता त्याला इतकी शरम वाटली की दादासमोर बसवेना. तरी तोंडातून निघालं ते, “बांधलंय, दादा.”

“मंग बरं केलं. मले तवा उकडून राह्यलं होतं, म्हून सोडलं मी. लेकरं खेळतीन तं तसंच शिकतीन नं. लाव मंग माहा चेहरा.” त्याने मोबाईल बायकोच्या दिशेने धरला. “पाह्य वं, फडक्यात कसा दिसतो मी?”

कुंदावहिनीने पाहिलं. पडद्यावरचा सदाशिव उघड्या तोंडाने हसत औषधाच्या फवाऱ्यातून चालला होता. अंकुरने मान खाली घातली.

“चांगले दिसता,” ती म्हणाली. “तुमचे फक्त डोळे दिसून राह्यले.”