कंसातला अकरा

बाबांचा लॅपटॉप मामेभावाच्या मुलीला द्यायचं आईने ठरवलं, म्हणून रविवारी दुपारी मी मुलुंडला जाऊन तो उघडला. बाबांना जाऊन अडतीस दिवस झाले होते. आतलं काय ठेवायचं आणि काय पुसायचं, एवढंच पाहायचं होतं.

घाटकोपरच्या एका कॉलेजात बाबांनी तीस वर्षं संख्याशास्त्राची प्रात्यक्षिकं घेतली. आकडेमोडीचे प्रोग्रॅम लिहायला ते निवृत्तीनंतर शिकले. पुढे हृदय कमजोर झालं आणि डॉक्टरांनी रोज वजन करायला सांगितलं. अंगात पाणी साचू लागलं की आधी ते काट्यावर दिसतं. आठवड्यात दोन किलोंपेक्षा जास्त वाढलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. बाबांनी त्यासाठी एक फंक्शन, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, लिहिलं. सकाळची, संध्याकाळची, चहानंतरची अशी सगळी वजनं ते त्यात भरत. फंक्शन त्यातली फक्त चहाआधीची निवडून शेवटच्या चौदा दिवसांची एका ओळीत छापायचं. वजाबाकी ते स्वतः करत आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहीत.

मला ती वजाबाकी अंधेरीच्या ऑफिसात बसून हवी होती. औषधांच्या चाचण्यांची आकडेवारी तपासणं हे माझं काम. आमच्याकडे नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगतात की पडद्यावर छापलेल्या मजकुरातून आकडा उचलायचा नाही, फंक्शनने तो तुमच्या हातात दिला पाहिजे. बाबांचं फंक्शन हातात काहीच देत नव्हतं, नुसतं छापायचं. एक ओळ वाढवू का, असं मी विचारलं होतं. "माझ्या फंक्शनला हात लावायचा नाही," ते म्हणाले. "तुला काय करायचं ते बाहेर उभी राहून कर."

मी बाहेर उभी राहून केलं. छापलेली ओळ पकडायची आणि तिच्यातले आकडे वेचायचे. ओळीच्या सुरुवातीला चौकटी कंसात एक छापून येतो. ही ओळ पहिल्या नोंदीपासून सुरू होते, एवढंच तो सांगतो. तो सोडून द्यायचा. मग शेवटच्या वजनातून सात जागा मागचं वजन वजा करायचं आणि उत्तर माझ्या फोनवर पाठवायचं. दोनच्या आत असलं तर पुढे 'ठीक'. दहा मिनिटांचं काम होतं. आठ महिने रोज सकाळी सव्वासातच्या सुमारास, बाबांनी वजन भरलं की तो मेसेज येत राहिला.

रविवारी सवयीने मी फंक्शन चालवलं. अक्षरं मोठी होती, त्यामुळे ओळ मावली नाही. दहा वजनं वर राहिली, चार खाली आली. खालच्या ओळीच्या सुरुवातीला कंसात अकरा होता.

माझा कोड फक्त पहिला आकडा सोडत होता. या अकराला त्याने वजन समजून रांगेत धरलं असणार. शेवटून सात जागा मागे जाताना एक जागा त्याच्यात गेली, म्हणजे सातऐवजी सहाच दिवसांचा फरक. उत्तर वेडंवाकडं आलं असतं तर मला त्याच दिवशी दिसलं असतं. हे दिसण्यासारखं नव्हतं.

बाबा गुरुवारी पहाटे गेले. बुधवारचा मेसेज होता, 'बदल १.६ किलो. ठीक.' अडतीस दिवसांत तो मी किती वेळा उघडला होता, सांगता येणार नाही. दवाखान्यात डॉक्टरांनाही तोच दाखवला होता. आज फंक्शन चालवल्यावरही फोनवर पुन्हा तोच आला होता.

अक्षरं केव्हा मोठी झाली हे शोधायची गरज नव्हती. त्या बुधवारच्या आधीच्या रविवारी मी इथे आले होते. बाबा पडद्याला नाक लावून वाचत होते, म्हणून मीच ती वाढवली. "झकास," ते म्हणाले होते.

चौदाही वजनं समोर होती. वजाबाकीला अर्धं मिनिट लागलं असतं. ते न करता मी कोडच्या ओळी आणि ती मोडलेली छापील ओळ श्रुतिकाला पाठवली. ती ऑफिसात माझं काम तपासते. कुणाचं, कशासाठी, काहीच लिहिलं नाही. पाच मिनिटांत तिचा फोन आला.

"कुठल्या फ्रेशरचं आहे गं हे? कंसातला नंबर डेटा म्हणून घेतलाय. त्याला आधी चहा पाज, मग हाकल."

"माझं आहे."

ती हसली. मग हसायची थांबली. "अनुपमा, हे कशाचे आकडे आहेत?"

नंतर सांगते म्हणून मी फोन ठेवला.

शेवटचं वजन ६३.५ होतं. पडद्यावर बोट ठेवून मागे मोजत गेले. सहा दिवस मागे ६१.९. सात दिवस मागे ६१.२. दोन पूर्णांक तीन. पुन्हा शेवटापासून मोजलं. तेवढंच आलं.

मी स्वयंपाकघरात गेले. आई खाली बसून ताटात तांदूळ निवडत होती. फोन तिच्याजवळ ठेवून मी दारामागच्या कॅलेंडरचं पान मागे उलटलं. बुधवारच्या चौकोनात बाबांनी पेन्सिलीने २.३ लिहिलं होतं. त्याखाली बारीक अक्षरात, 'अनूला गेला.'

"हे तुला माहीत होतं?" मी विचारलं.

आईला माहीत होतं. तिने तेव्हाच, डॉक्टरांना लावू का म्हणून विचारलं होतं. ते म्हणाले होते, अनूकडे आकडा गेलाय, तिचं कामच ते आहे, ती बघून सांगेल. दिवसभर फोन उशाशी घेऊन पडले होते. संध्याकाळी माझा फोन आला.

तो फोन मला आठवत होता. मी ऑफिसातल्या कटकटी सांगत बसले होते. मध्येच त्यांनी विचारलं होतं, "सकाळचा मेसेज बघितलास ना?" मी म्हणाले होते, "बघितला बाबा. ठीक आहे."

"ठीक आहे म्हणाली अनू, असं सांगून पानावर बसले," आई म्हणाली. "भात मागून घेतला."

"आई, मेसेज चुकीचा होता. त्यांचा आकडा बरोबर होता. माझ्या कोडने दुसराच उचलला."

तिचा हात थांबला. कोड म्हणजे काय, तिने विचारलं नाही.

"त्यांना तोंड होतं ना गो," ती म्हणाली. "दोन पूर्णांक तीन आलेत, एवढं बोलता येत नव्हतं?" बोटाने तिने एक खडा ताटाच्या कडेला नेला. "मलाही होतं."

मला तिच्याजवळ बसता येईना. आतल्या खोलीत येऊन मी अक्षरं पूर्वीइतकी लहान केली. फंक्शन पुन्हा चालवलं. चौदा वजनं एका ओळीत आली, सुरुवातीला कंसातला एकटा एक. लॅपटॉप बंद करायला हात पुढे केला, तेवढ्यात स्वयंपाकघरात माझा फोन वाजला.

मी दारात पोचले तोवर आईने तो उचलला होता. चष्मा जवळ नव्हता. हात लांब करून ती एकेक शब्द लावत होती. "बदल... दोन पूर्णांक तीन किलो. डॉक्टरांना... फोन करा."

तिने वर पाहिलं नाही. फोन पालथा करून ताटाशेजारी ठेवला आणि पाय आवरून मला बसायला जागा केली.