नंबर न जुळणारं इंजिन

"रघूकाका, हे अब्बांचंच इंजिन आहे ना? तुम्ही हो म्हणालात तर गाडी राहील. नाहीतर साकिब उद्या भंगारवाल्याला बोलावतोय."

आफरीनने असं विचारलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. चाळीस वर्षं सावर्ड्यात गॅरेज चालवलं, इंजिनाच्या बाबतीत कुणाच्या बापाला भ्यायलो नाही. आणि इथे केळशीत एका शाळामास्तरणीपुढे मला दरदरून घाम फुटला. कारण उत्तर मला ठाऊक होतं. ते तिच्या अब्बांचं इंजिन नव्हतं. ते मीच काढून नेलं होतं.

सांगतो. तिचे अब्बा, अस्लम, माझा जिवाचा दोस्त. जहाजावर इंजिनिअर. एका सुट्टीत आम्ही दोघांनी त्याच्या जुन्या फियाटचं इंजिन उघडलं. हेड घासलं, हवा आत जायच्या वाटा काचेसारख्या गुळगुळीत केल्या, कॅमशाफ्टचा आकार बदलला, एकाच्या जागी दोन कार्बोरेटर बसवले. दिसायला साधी फियाट, पण कुंभार्ली घाटात नव्या गाड्या मागे पडायच्या. असं इंजिन उभ्या जिल्ह्यात दुसरं नव्हतं, आयशप्पत! जहाजावरच्या रिवाजाप्रमाणे काम संपलं की अस्लम टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाच्या, आतल्या बाजूला लोखंडी पंचाने तारीख ठोकायचा, आणि ज्यांचे हात कामाला लागले त्यांच्या नावांची पहिली इंग्रजी अक्षरं. ए आणि आर.

मग तो गाडी माझ्याकडे ठेवून जहाजावर गेला. नारळी पौर्णिमा आठ दिवसांवर आली, आणि माझा मेव्हणा लवू हेदवीहून रडत आला. होडीचं इंजिन बसलं होतं. गाडीचं इंजिन होडीला लावायची आमच्याकडची खोड जुनीच. मला दुर्बुद्धी सुचली. म्हटलं, घे, अस्लम यायच्या आत परत आण. पहिल्याच आठवड्यात होडी खडकावर आपटली. लवू पोहत किनाऱ्याला लागला आणि इंजिन तळाला गेलं.

दोन कार्बोरेटर तेवढे मी आधी काढून ठेवले होते. भंगारातल्या टॅक्सीचं साधं इंजिन आणलं, त्यावर ते चढवले आणि गप्प बसलो. अस्लम आला, एक फेरी मारून आला, बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, "रघू, दमलीय रे ही."

"हल्लीचं पेट्रोलच तसलं," मी म्हटलं.

तो हसला. त्यानंतर वीस-बावीस वर्षं ती गाडी माझ्या दारात आली नाही. स्वतः मात्र यायचा, एसटीने, पिशवीत सुरमई घेऊन. गाडी कुठाय विचारलं की म्हणायचा, "एसटी बरी." मला वाटायचं, याला गाडीचा कंटाळा आला. मनातून सुटल्यासारखं वाटायचं, खोटं कशाला बोलू! गेल्या वर्षी तो गेला.

आणि आता आफरीन आरसी बुक हातात धरून उभी. इंजिनावरचा नंबर पुस्तकातल्या नंबराशी जुळत नव्हता. जुळणार कसा, कपाळ माझं! तिचा भाऊ साकिब, कुवेतहून सुट्टीवर आलेला, ओट्यावरून म्हणाला, "कुणीतरी हरामखोराने बदललंय, काका."

"आधी बघू तरी," मी म्हटलं. तेवढाच वेळ काढायचा होता.

बरोबर आणलेली बॅटरी जोडली, किल्ली फिरवली आणि दचकलोच. साधं इंजिन शिवणयंत्रासारखं एका लयीत चालतं. हे अडखळत, घोगरं गुरगुरत होतं. अगदी त्या बुडालेल्या इंजिनासारखं. बंद केलं, पुन्हा चालू केलं. तेच! कार्बोरेटर उतरवून आत बोट घातलं, तर काचेसारखं गुळगुळीत. अरे, हे काय? माझं डोकंच चालेना. बाजूला जाऊन लवूला फोन लावला.

"लवू, ते इंजिन खरंच बुडालं ना रे?"

"भावोजी, बरे आहात ना? माझ्या डोळ्यांदेखत गेलं!"

परत येऊन ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं मूळ धड, पाहिला. टॅक्सीचं इंजिन बसवताना माझ्या हातोड्याने एक कोपरा उडाला होता. ती तुटकी जागा तशीच होती. म्हणजे इंजिन मी बसवलेलंच. मग आतलं काम कुणाचं? मी तर केलं नव्हतं. वेड लागतंय की काय असं झालं मला.

आफरीनच्या आई, शरीफाभाभी, चहा घेऊन आल्या. मी टॅपेट कव्हर सोडवत होतो. "एका उन्हाळ्यात हे महिनाभर पडवीत इंजिन मांडून बसले होते," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, रघूभाईंना बोलवा ना. तर म्हणाले, नको, त्याच्या जिवाला लागेल."

मी घाईने शेवटचा बोल्ट सोडवला. कव्हर उलटं केलं. आत तारीख ठोकलेली होती, चौदा मे दोन हजार चार. होडी बुडाल्यानंतरचा उन्हाळा.

म्हणजे त्या एका फेरीतच त्याला कळलं होतं. मला एका शब्दाने बोलला नाही, आणि नव्या इंजिनाचा आवाज मला ऐकू येऊ नये म्हणून गाडी माझ्या दारात आणली नाही.

मग मात्र माझ्याने राहवेना. "आफरीन, साकिब, तो हरामखोर मी," म्हटलं, आणि होडीपासून सगळं सांगून टाकलं. "त्याचं इंजिन मी बुडवलं. हे त्याने दुसरं केलं गो, एकट्याने."

साकिब ताडकन उठला. मला वाटलं, आता हात उचलतो. त्याने माझ्या हातातून कव्हर घेतलं, ठोकलेल्या तारखेवरून अंगठा फिरवला, मग खिशातून फोन काढून भंगारवाल्याला येऊ नको म्हणून सांगितलं.

आफरीनने कव्हर उजेडाकडे धरलं. "एकट्याने कसं, काका? तारखेखाली दोन अक्षरं आहेत. ए आणि आर."

मला रडूच फुटलं. त्या मे महिन्यात मी अस्लमपासून तोंड लपवत सावर्ड्यात बसलो होतो. त्या कामाला माझं बोटसुद्धा लागलं नव्हतं.