शून्य तक्रारींची पेटी

मित्रांनो, सरकारी दवाखान्यातली एक जुनी तक्रारपेटी तुमच्याशी बोलते आहे. सुतारकाकांनी मला एका मोडक्या कपाटाच्या दारातून घडवलं. सरकारचा हुकूमच तसा होता: तृतीयपंथी रुग्णांना कुणी हिडीसफिडीस केलं, तर त्यांना ते लिहून कळवता यावं. केवढं पुण्याचं काम! तक्रार कशी असते, जड की हलकी, याची मला भारी उत्सुकता.

मला टांगलं ते थेट हेडक्लार्क साहेबांच्या टेबलासमोर. किल्लीही त्यांच्याच खिशात. दोन वर्षांत माझ्या पोटात पडलं काय, तर गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि एका तान्ह्याचा मोजा! साहेब दर महिन्याला 'तक्रारी शून्य' असं वर कळवायचे, वरून शाबासकी यायची, आणि मी वेडी भिंतीवर फुगून बसायचे.

क्षयाची औषधं न्यायला एक शिवणकाम करणारी ताई यायची. साहेब तिला कागदावरच्या जुन्या, पुरुषी नावानं मोठ्यानं पुकारायचे. बाकांवर खसखस पिकायची. एकदा ती चिठ्ठी घेऊन माझ्यापर्यंत आली. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

"काय, प्रेमपत्र का?"

चिठ्ठी पुन्हा पिशवीत गेली. पुढच्या महिन्यात ताई आलीच नाही. औषध मध्येच सोडलं की हा आजार उलटतो, हे मी भिंतीवरून शंभरदा ऐकलं होतं.

मग तपासणीला एक अधिकारी बाई आल्या. 'शून्य' वाचून खूश झाल्या. तेव्हा फरशी पुसणाऱ्या मावशींना राहवलं नाही.

"बाई, यात चिठ्ठी टाकायची म्हणजे साहेबांच्या हातातच द्यायची की. कोण टाकेल?"

बाईंनी माझ्यासमोर उभं राहून साहेबांच्या टेबलाकडे पाहिलं. त्यांनी मला मागच्या जिन्याखाली, पाण्याच्या टाकीपाशी हलवलं आणि किल्ली स्वतःकडे घेतली. मावशी ताईला घरी जाऊन सांगून आल्या. चौथ्या दिवशी चिठ्ठी पडली. इतकी हलकी, की मला आधी कळलंच नाही. बाईंनी ती वाचली: 'मला माझ्या नावानं हाक मारा. मी औषध घ्यायला येते.' खाली ताईनं आपलं नाव लिहिलं होतं.

बाईंनी साहेबांना समोर बसवून नोंदवहीतलं नाव बदलायला लावलं. पुढच्या खेपेला मला जिन्याखाली साहेबांचा आवाज ऐकू आला. तो जरा अडखळला, मग नीट निघाला. कुणीतरी फिसकन हसलं. मावशींनी बादली आपटली. आणि ताई म्हणाली, "हो, आले."

मित्रांनो, माझा रंग उडालाय, बिजागरी कुरकुरते. तेल घातलंत तर बरंच. पण अशी पेटी बसवाल, तेव्हा भ्यालेल्या माणसाचा हात तिथवर पोचेल का, ते आधी पाहा. देवाला सगळ्यांची नावं ठाऊक असतात. आपल्याला ती विचारून घ्यावी लागतात.